तार तुटली, आता कोण येणार?

(असोदा येथील प्रौढ वाचन वर्गात केलेले भाषण)



रोहिणी नक्षत्रातले वादळ आपल्याकडे कसे येते, ते तुम्हाला सांगायला नको. दिवसभर अंगाची लाही होते. चारच्या सुमारास पश्चिमेकडे काळे ढग जमतात. आधी धूळ येते, मग वारा, मग टपोरे थेंब. अर्ध्या तासात सारे आटोपते. मागे राहते ती आडवी झालेली केळी, उडालेले पत्रे आणि अंधार.

अंधार पडला की गावात एकच प्रश्न. "तार तुटली. आता कोन येईन?"

आज आम्ही त्याच प्रश्नावर बोलणार आहोत. तुटलेली तार कोणी जोडायची? खांब कोणी उभा करायचा? घराच्या भिंतीवरची पेटी जळाली तर ती कोणी बदलायची? प्रश्न साधा दिसतो. पण याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे आमच्या डोळ्यांसमोर एका पोराचा जीव जाता जाता वाचला. तेच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका संध्याकाळी वादळ झाले. आमच्या आळीत निंबाची मोठी फांदी तारेवर पडली आणि एका घराची सर्व्हिस वायर खांबाजवळून तुटून लोंबकळू लागली. साऱ्या गावाचीच वीज गेलेली होती. त्या घरात बाळंतीण होती. उकाडा, डास, तान्हे मूल. घरच्यांचा जीव टांगणीला लागला.

आळीत एक तरुण होता. हुशार, हाताचा चलाख. मोटारीचे स्टार्टर, पंखे, मिक्सर, सगळे दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "लाईनमनची वाट काय पाहता? गावात लाईटच नाही. दोन मिनिटांचं काम आहे." त्याने डीपीजवळ जाऊन पेटीतला एक फ्यूज काढला आणि खिशात टाकला. मग शिडी लावली, पक्कड घेतली आणि तो खांबावर चढला.

आणि आम्ही काय केले? आम्ही शिकलेसवरलेले लोक खाली टॉर्च धरून उभे राहिलो. "अरे, जपून हां!" एवढे मात्र म्हणालो.

तो वर तार पिळत होता. इतक्यात आळीच्या दुसऱ्या टोकाला दिवे लागले. पोरे नेहमीप्रमाणे ओरडली, "आली! आली!" त्याच क्षणी वर निळा लोळ दिसला आणि तो खाली आला. शेजारी कडब्याची गंजी होती, तिच्यावर पडला म्हणून वाचला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. पायाचे हाड मोडले. वर्षभर घरी बसला. आजही तो आमच्याशी बोलतो, हसतो. त्याला विचारूनच ही हकिकत सांगत आहोत. पण त्या टॉर्चची आठवण आली की आमची मान खाली जाते.

फ्यूज काढला होता ना? मग झटका कसा बसला? डीपीच्या पेटीत तीन फेजचे तीन फ्यूज असतात. आमच्या ओळीचा कोणता, हे त्याने अंदाजाने ठरवले. अंदाज चुकला. त्यातून वीज गेलेली होती, म्हणून तार मेलेली आहे असे आपण सर्वांनी धरले. दुसऱ्या दिवशी आलेला लाईनमन आम्हाला म्हणाला, "दादा, वीज गेली म्हणजे लाईन बंद केली असं होत नाही. गेलेली वीज कधी परत येईल, हे तिकडच्या माणसालाच माहीत. ती बंद करून किल्ली आपल्या हातात घेतली, तरच ती बंद."

हे वाक्य लक्षात ठेवा. या एका गैरसमजाने वादळात बळी जातात.

आता पाहू, ही वीज आपल्या घरी येते कशी. भुसावळजवळ दीपनगरला दगडी कोळसा जाळून वीज तयार होते, ते तुम्ही रेल्वेतून पाहिले असेल. उंच धुराडी दिसतात. अशा निरनिराळ्या ठिकाणी तयार झालेली वीज मोठमोठ्या मनोऱ्यांवरून लाखांहून अधिक व्होल्टच्या दाबाने दूर नेतात. मग उपकेंद्रात दाब कमी करतात, पुन्हा कमी करतात, आणि अकरा हजार व्होल्टच्या तारा शेताबांधावरून गावात येतात. या ओळीला फीडर म्हणतात. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. अकरा हजारांच्या ओळीवर आपली डीपी बसवलेली असते. कागदोपत्री तिला रोहित्र म्हणतात. तेथून दाब उतरतो आणि घरात येते ती २३० व्होल्टची वीज. कमी वाटते ना? माणूस मारायला तेवढी पुष्कळ आहे.

खांबापासून घरापर्यंत जी वायर येते ती सर्व्हिस वायर. ती भिंतीवरच्या पेटीत येते, तेथे मीटर असतो. आता नीट ऐका. या मीटरपाशी एक सीमा आहे. शेताला बांध असतो ना, तशी.

मीटर आणि त्याच्या अलीकडचे सारे, म्हणजे खांब, तारा, डीपी, खांबावरचा जोड, हे सांभाळायचे काम महावितरण कंपनीचे. मीटरच्या पलीकडचे सारे, म्हणजे मेन स्विच, घरातले वायरिंग, दिवे, पंखे, बटणे, अर्थिंग, हे घरमालकाचे. वादळाने काही मोडले तर पहिला प्रश्न हाच विचारायचा. मोडले ते मीटरच्या कोणत्या बाजूला?

तुमच्यातले जुने लोक अजून "बोर्डाचा वायरमन" म्हणतात. त्यात चूक काही नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पंचेचाळीस वर्षे राज्याच्या बहुतेक भागाला त्यानेच वीज पुरवली. जून २००५ मध्ये मंडळाचे भाग पडले. वीज तयार करणारी कंपनी वेगळी, मनोऱ्यांवरून नेणारी वेगळी आणि घरोघर पोचवणारी वेगळी झाली. पोचवणारी ती महावितरण. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचा कारभार तिच्या जळगाव परिमंडलातून चालतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाला कंपनी आता जनमित्र म्हणते. आपण लाईनमनच म्हणू. तोंडात तेच बसले आहे.

कोणी म्हणेल, "सर्व्हिस वायर तर आम्ही दुकानातून आमच्या पैशाने आणली. मग ती आमची नाही का?" वायर तुमच्या पैशाची असेल. पण ती जेथे जोडली आहे तो खांब तुमचा नाही, आणि त्याच्यावर चढायचा हक्क तुम्हाला, आम्हाला, कुणाच्या भाच्याला, मोटार रिवाइंडिंगवाल्याला, कोणालाच नाही.

लाईनमन काय निराळे करतो? तोही हातापायांचाच माणूस. पण तो थेट खांबाला हात घालत नाही. आधी तो उपकेंद्रातल्या माणसाला सांगून त्या ओळीची वीज बंद करवतो. याला परमिट घेणे म्हणतात. परमिट ज्याने घेतले त्याने ते परत केल्याशिवाय तिकडून वीज सोडायची नाही, असा नियम आहे. मग तो जागेवरचा स्विच उघडतो. टेस्टरने तपासतो. मग तारा जमिनीला जोडतो, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी. हातमोजे, पट्टा, टोपी. एवढे झाल्यावर वर चढतो. आमच्या त्या पोराने यातले एकच केले होते, फ्यूज काढणे, आणि तेही चुकीच्या ओळीचे.

एवढी काळजी घेऊनही लाईनमन मरतात. त्याला पुष्कळदा आपणच कारण असतो. लग्नाच्या मांडवाला, दुकानाला जनरेटर लावतात आणि त्याची वायर घरच्या बोर्डात खुपसतात. मधे चेंजओव्हर स्विच नसतो. मग जनरेटरची वीज घरातून उलटी बाहेर जाते, खांबावर जाते, डीपीत जाते. डीपी जशी अकरा हजारांचे २३० करते, तशी उलट्या बाजूने २३० चे अकरा हजार करते. तिकडे बिचारा लाईनमन परमिट घेऊन, लाईन बंद आहे असे समजून चढलेला असतो. मांडवात मात्र बँड वाजत असतो. तारांवर आकडा टाकणाऱ्यांची गोष्ट तर वेगळी सांगायला नको.

आता वेळेचे बोलू. "फोन करून चार तास झाले, अजून कोणी आले नाही," ही तक्रार आम्हीही केली आहे. वीज गेल्यावर किती तासांत दुरुस्ती व्हावी, याचे नियम वीज नियामक आयोगाने घातलेले आहेत. शहराला वेगळे तास, खेड्याला वेगळे. उशीर झाला तर ग्राहकाला भरपाईही मागता येते. सध्याचे नियम २०२१ सालचे आहेत. पण त्यांत एक कलम असे आहे की चक्रीवादळ, पूर अशा अस्मानी संकटात हे तास लागू होत नाहीत. म्हणून वादळाच्या रात्री नियमाचा कागद नाचवून फारसा उपयोग नाही. एरवी, कोरड्या दिवसांत, तो जरूर दाखवावा. तक्रार करूनही दाद लागली नाही तर कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे अर्ज करता येतो. तेथे समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे जाता येते. अर्ज साध्या मराठीत चालतो.

वादळानंतर वीज कोणत्या क्रमाने येते, हे कळले तर निम्मा संताप कमी होतो. आधी उपकेंद्राकडे येणारी मोठी लाईन उभी करावी लागते. ती नसेल तर पुढचे सगळे फुकट. मग अकरा हजारांचा फीडर. हा फीडर कोसभर शेतांतून जातो. रात्री बॅटरी घेऊन, चिखल तुडवत, केळीच्या बागांतून एकेक खांब पाहत जावे लागते. त्यानंतर डीपी. सगळ्यात शेवटी तुमच्या-आमच्या घराची एकटी वायर. म्हणून साऱ्या गावात दिवे लागतात आणि आपल्याच घरी अंधार राहतो, असे होते. तेव्हा नुसते बसून राहू नका. सारे गाव उजळले आणि आपण अंधारात, याचा अर्थ दोष आपल्या ओळीत किंवा आपल्याच वायरीत आहे. ही तक्रार वेगळी नोंदवावी लागते. नाही तर लाईनमन समजतो, काम झाले.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूला धडकले. तेव्हा कोरोनाचा काळ होता. हजारो खांब आडवे झाले. काही गावांना आठवडे अंधारात काढावे लागले. राज्याच्या दुसऱ्या भागांतून लाईनमन तेथे गेले. खांब वाहून नेणारी गाडी वाडीपर्यंत जाईना, तेथे गावकऱ्यांनी खांद्यावर खांब नेले, खड्डे खणले, झाडे तोडून रस्ता मोकळा केला. आता पाहा, खड्डा खणणे, झाड बाजूला करणे, खांब उचलणे हे गावाने केले. तारेला हात लाईनमनने लावला. गावाने मदत करू नये असे आम्ही म्हणत नाही. मदत जमिनीवरची करावी.

जळालेली डीपी बदलायला पुष्कळ गावांत वर्गणी काढतात. दोनशे रुपये घरटी, गाडीभाडे, चहापाणी. आमचे स्पष्ट मत असे की हे पैसे देऊ नयेत. डीपी कंपनीची आहे. ती उतरवणे, नेणे, आणणे, बसवणे हे तिचेच काम आहे. वर्गणी मागणाऱ्याला विचारावे, "पावती कोणाच्या नावाची देता?"

आता मीटरच्या आपल्या बाजूकडे वळू. येथे कंपनी येणार नाही आणि आपण तिला दोषही देऊ नये.

अमेरिकेत तर घरमालकावर याहून जास्त भार असतो. तारा वरून येतात तेथे घराच्या भिंतीवर तारेसाठी लावलेला लोखंडी नळ आणि मीटर बसवायची पेटी ही बहुतेक ठिकाणी घरमालकाची. वादळात नळ वाकला तर आधी परवानेवाला कारागीर बोलावून, स्वतःच्या खर्चाने नळ सरळ करायचा. मगच कंपनी तार जोडते. आपल्याकडेही भिंत पडली, वायर बांधायचा पाइप वाकला, तर भिंत आणि पाइप आपणच उभा करतो ना? त्यानंतर लाईनमन जोड देतो.

मीटरच्या आतले काम कोणाकडून करून घ्यायचे? परवानाधारक ठेकेदाराकडून. राज्य सरकारचा विद्युत विभाग तसे परवाने देतो. वायरमनला सरकारी कागदात तारतंत्री म्हणतात. शब्द अवघड आहे, पण परवान्यावर तोच दिसेल, म्हणून ओळखून ठेवा. "दादा, परवाना आहे का?" असे विचारायला लाजू नका.

आपल्या गावात जुनी धाब्याची घरे आहेत आणि पत्र्याचीही आहेत. पत्र्याच्या घरांत एक धोका मोठा. वादळात सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासते. वरचे आवरण झिजते. मग पत्र्यात वीज उतरते. पत्र्याला लोखंडी खांब, खांबाला बांधलेली कपडे वाळत घालायची तार. पहाटे बाई ओले धुणे तारेवर टाकते आणि तेथेच चिकटते. तिला ओढायला धावतो तोही चिकटतो. एकाच घरातली दोन-दोन माणसे अशी गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. तेव्हा धुण्यासाठी लोखंडी तार काढून टाका, सुताची किंवा नायलॉनची दोरी बांधा. काम दहा मिनिटांचे आहे. आजच करा. आणि परवानेवाल्याकडून घरात आरसीसीबी नावाचा स्विच बसवून घ्या. वीज भलतीकडे, म्हणजे पत्र्यात किंवा माणसाच्या अंगात, उतरू लागली की तो पापणी लवायच्या आत वीज तोडतो. हजार-दोन हजारांचा खर्च वाटेल. घरातल्या माणसापेक्षा जास्त नाही.

कोणाला वीज लागलीच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. ते जमले नाही तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर करा. हे फक्त घरातल्या विजेपुरते. बाहेर अकरा हजारांची तार पडली असेल तर काठीसुद्धा नको. ओले लाकूड विजेला अडवत नाही आणि एवढ्या दाबापुढे कोरड्याचाही भरवसा नाही.

रस्त्यावर किंवा शेतात तार पडलेली दिसली, की ती जिवंतच आहे असे धरा. ठिणगी दिसत नाही, आवाज येत नाही, म्हणून ती मेलेली नसते. कोरड्या मातीवर पडलेल्या तारेतून जमिनीत वीज थोडीच जाते, त्यामुळे डीपीचा फ्यूजही उडत नाही आणि तार तशीच सळसळत पडते. वीस-पंचवीस पावले लांब उभे राहा. पोरे, गुरे, सायकलवाले यांना अडवा. एक माणूस राखणीला ठेवा, दुसरा फोन करू द्या. तारेच्या जवळ चुकून पोचलातच तर लांब टांग टाकून पळू नका. दोन पावलांमधल्या जमिनीत विजेचा दाब कमीजास्त असतो आणि झटका बसतो. पाय पायाला घासत, बारीक बारीक पावलांनी मागे या. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून बैल आधी पडतो.

घर पडले, पीक आडवे झाले, तर पंचनाम्याला तलाठ्याकडे जायचे. तारेसाठी तलाठी नाही. सरपंचाला जरूर सांगा, पण सरपंचाला सांगितले म्हणजे कंपनीत तक्रार नोंदली गेली असे होत नाही. कंपनीचे फुकट फोन आहेत. १९१२ हा लहान. दुसरे दोन, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. रात्रीही चालतात. तिकडचा माणूस पहिली गोष्ट विचारतो, "तुमचा ग्राहक क्रमांक सांगा."

आणि येथेच आमच्या वर्गाचा संबंध येतो.

असोदा हे बहिणाबाईंचे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे बोल कागदावर उतरवून घ्यायला मुलगा सोपानदेव होता, म्हणून ते टिकले. आपल्या घरी, भर वादळात, बिलावरचा आकडा वाचून दाखवायला मुलगा असेलच असे नाही. तो पुण्याला असतो, सुरतेला असतो.

मागच्या वर्षी या वर्गात एक आजी यायच्या. घरी एकट्याच. त्यांना अक्षरे जड जात, पण आकडे चटकन आले. त्यांनी बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला. खाली डीपीवर रंगवलेला क्रमांकही लिहिला, तो त्या स्वतः जाऊन पाहून आल्या. पावसाळ्यात त्यांच्या एकट्याच्याच घरी वीज नव्हती. शेजारचा पोरगा म्हणाला, "आजी, मी चढतो." आजी म्हणाल्या, "खाली उतर मेल्या, तुह्या मायले मी काय तोंड दाखवू?" आणि फोन उचलून त्यांनी बारा आकडे एकेक करून वाचले. तिकडून तक्रार क्रमांक मिळाला, तोही दारावर लिहिला. लाईनमन सकाळी आला. त्याला आजींनी ताक दिले.

चला, आता आपापली बिले बाहेर काढा. डाव्या बाजूला वर पाहा. 'ग्राहक क्रमांक' अशी अक्षरे शोधा. सापडली? आता त्यापुढचे आकडे मोजा. बारा भरले पाहिजेत. चष्मा विसरला असेल त्याने शेजाऱ्याचा मागून घ्यावा. पहिल्या रांगेतल्या आबांपासून सुरुवात करू.